विश्लेषण : बरोक गिटार शिकायची, तर सुरुवात एकट्याने का करू नये?

साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे वाद्य आज मोबाइलवर सहज ऐकायला मिळते. ते शिकण्यासाठी आधी महागडे वाद्य घ्यावे लागते, हा समज चुकीचा आहे. आधी लागतात तीन-चार साथीदार. आणि त्यांच्याकडे जी वाद्ये असायला हवीत, त्यातली बरीचशी भिवंडीत आधीच आहेत.

भिवंडीतला एखादा तरुण मोबाइलवर गिटारचे व्हिडीओ पाहत असतो. अचानक समोर एक वेगळीच गिटार येते. आकाराने लहान, कंबर बारीक, मधल्या गोल छिद्रावर जाळीदार नक्षी, आणि आवाज असा की लहान घंटा किणकिणत आहेत. नाव दिसते, ‘बरोक गिटार’. पुढचा शोध किमतीचा असतो. असे वाद्य दुकानात टांगलेले मिळत नाही, कारागिराकडून बनवून घ्यावे लागते, हे कळल्यावर अनेकांचा उत्साह तिथेच संपतो. काही जण चिकाटीचे असतात. ते एखाद्या अवघड रचनेची प्रत उतरवून घेतात, खोलीचे दार लावून दोन आठवडे झगडतात आणि मग सोडून देतात.

दोन्ही वाटा चुकीच्या आहेत आणि चूक एकच आहे. पडद्यावर एकटा वादक दिसतो, म्हणून हे एकट्याचे वाद्य आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ही गिटार तिच्या काळात गाण्याला, नाचाला आणि इतर वाद्यांना साथ करतच युरोपभर पसरली. तिचे शिक्षणही साथीपासून सुरू झाले तरच टिकते.

बरोक गिटार म्हणजे नेमके काय?

साधारण १६०० ते १७५० हा युरोपीय संगीतातला बरोक काळ. या काळातल्या गिटारला आजच्यासारख्या सहा एकेरी तारा नव्हत्या. तारांच्या पाच जोड्या असत. सर्वात वरच्या स्वराची जोडी अनेकदा एकाच तारेची असे, त्यामुळे एकूण तारा नऊ किंवा दहा. तारा धातूच्या नव्हत्या, आतड्यापासून केलेल्या तातीच्या होत्या. मानेवरचे पडदेही तातीचेच, गुंडाळून बांधलेले आणि सरकवता येणारे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे लगेच उमजेल. प्रसिद्ध व्हायोलिन कारागीर आंतोनियो स्ट्राडिव्हारी यानेही अशा गिटारी घडवल्या. त्याची १६८८ ची एक गिटार ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

पाच जोड्यांचे स्वर ए, डी, जी, बी, ई. म्हणजे आजच्या गिटारची सर्वात जाड सहावी तार काढली की उरतात तेच. त्यामुळे आजच्या गिटारवर ज्याला चार कॉर्ड धरता येतात, त्याच्या बोटांना हे वाद्य पूर्ण अनोळखी नाही.

हे संगीत भिवंडीपासून किती दूर?

नकाशावर दूर, काळाच्या हिशेबात फारसे नाही. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी स्पेनमधल्या सारागोसा शहरात गास्पार सान्झ या वादकाचे गिटारशिक्षणाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बरोक गिटार शिकणारा प्रत्येक जण आजही कधी ना कधी या पुस्तकाकडे येतो. त्याच वर्षी फ्रान्चेस्को कोर्बेत्ता याने आपला गिटारसंग्रह फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला अर्पण केला. त्याआधी १६७१ चा संग्रह त्याने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केला होता. तेव्हा ही गिटार राजदरबारातही होती आणि रस्त्यावरच्या नाचातही.

भिवंडीचा धागा याहून जवळचा आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर इथल्या खाडीत महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते, पुढे ते काम सोडून निघून गेले. शेजारचे वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षे पोर्तुगीजांकडे होते. स्पेन-पोर्तुगालमध्ये पाच जोड्यांची गिटार याच दोन शतकांत बहरली. आज भिवंडी रोड स्थानकातून दिवा-वसई मार्गावरची गाडी पकडली की माणूस थेट वसईत उतरतो.

घंटांचा आवाज येतो कुठून?

या वाद्याची सर्वात मोठी गंमत तारांच्या मांडणीत आहे. आजच्या गिटारवर तारा वरून खाली जाताना स्वर चढत जातात. बरोक गिटारच्या एका पद्धतीत पाचवी आणि चौथी जोडी खालच्या सप्तकात न लावता वरच्या सप्तकात लावली जाते. मग सर्वात खालचा स्वर मधल्या, म्हणजे तिसऱ्या जोडीवर येतो. युकुलेलेची वरची तार जशी अपेक्षेपेक्षा उंच स्वरात असते, तसेच हे आहे. हे नाते योगायोगाचे नाही. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे स्थलांतरित १८७९ मध्ये हवाईला पोहोचले. त्यांनी सोबत नेलेल्या छोट्या गिटारींतूनच युकुलेले जन्मली.

या मांडणीमुळे लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाजवता येतात. एक स्वर विरायच्या आत दुसरा सुरू होतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. स्पॅनिशमध्ये या वादनाला ‘काम्पानेला’ म्हणतात. शब्दाचा अर्थच छोटी घंटा. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळच्या मेणवलीत आणि भीमाशंकरला आजही टांगलेल्या आहेत. अशा मोठ्या घंटेचा नाद मागे रेंगाळतो, तोच परिणाम ही गिटार हलक्या बोटांनी साधते.

सान्झने तारांबाबत दिलेला सल्ला आजही उपयोगी आहे. नाजूक, एकेक स्वर छेडून वाजवायचे असेल तर खर्जाच्या तारा नकोत. मोठ्याने झंकारायचे किंवा साथ करायची असेल तर त्या हव्यात. थोडक्यात, वाद्य कसे लावायचे हे आपण कोणासोबत आणि काय वाजवणार आहोत यावर ठरते. आधी माणसे, मग तारा.

कॉर्डची अक्षरे का गोंधळात टाकतात?

१६०६ मध्ये जिरोलामो मोंतेसार्दो याने फ्लॉरेन्समध्ये एक सोपी लिपी छापली, ‘आल्फाबेतो’. प्रत्येक कॉर्डसाठी एक अक्षर. त्याखाली हात खाली न्यायचा की वर, हे दाखवणाऱ्या छोट्या उभ्या रेघा. स्वरलिपी न येणाऱ्यालाही दोन दिवसांत साथ करता यावी, असा हा बेत. आज मोबाइलवर गाण्याच्या ओळींवर कॉर्ड छापलेले दिसतात, त्याचा हा पूर्वजच म्हणायला हवा.

नवशिक्याने दोन सापळे लक्षात ठेवावेत. पहिला म्हणजे ही अक्षरे कॉर्डची नावे नाहीत. तिथले ‘ए’ म्हणजे आजचे जी मेजर, ‘बी’ म्हणजे सी मेजर, ‘सी’ म्हणजे डी मेजर, ‘ई’ म्हणजे डी मायनर, ‘जी’ म्हणजे एफ मेजर आणि ‘आय’ म्हणजे ए मेजर. दुसरा सापळा आकड्यांच्या लिपीचा. इटालियन पद्धतीत, जी सान्झनेही वापरली, सर्वात खालची रेघ म्हणजे सर्वात बारीक तार. आजच्या टॅबच्या नेमके उलटे. हे न कळल्याने ‘पुस्तकात चूक आहे’ असे म्हणून सोडून देणारे अनेक असतात.

मग एकट्याने का नको?

पहिले कारण वाद्याच्या रचनेत आहे. खर्ज नसलेली किंवा अगदी थोडा खर्ज असलेली गिटार एकटी वाजली की गाण्याचा तळ रिकामा राहतो. बरोक संगीतात तो तळ दुसरे कोणी भरते. त्याला ‘बास्सो कोन्तिनुओ’ म्हणतात. एक जण खालची धून सतत धरून ठेवतो, दुसरा त्यावर कॉर्ड भरतो. खालची धून चेलो, व्हिओला दा गाम्बा किंवा लांब मानेच्या थिओर्बोवर. कॉर्ड हार्पसिकॉर्ड, छोटा ऑर्गन किंवा गिटारवर. सान्तियागो दे मुर्सिया याचे १७१४ चे पुस्तक तर याच साथीच्या कलेवर बेतलेले आहे.

दुसरे कारण शिकण्याच्या मानसशास्त्राचे आहे. एकट्याने अवघड रचना वाजवताना प्रत्येक चूक ऐकू येते आणि गाडी थांबते. चौघांत वाजवताना थांबता येत नाही. चुकलेला कॉर्ड मागे पडतो, पुढचा गाठावा लागतो. भजनी मंडळात पेटी किंवा टाळ धरून शिकलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी आधी घरी पाठ पक्का केला आणि मग मंडळात आले. बहुतेक जण मंडळात बसूनच शिकले.

पहिली रचना कोणती?

‘फोलिया’. मूळ स्पेन-पोर्तुगालकडचा हा नाच पुढे युरोपभरच्या संगीतकारांनी वापरला. तबल्याच्या एकल वादनात लहरा जसा तोच तो फिरत राहतो आणि त्यावर तबलजी खुलतो, तशी इथे कॉर्डची एक साखळी फिरत राहते आणि त्यावर व्हायोलिन किंवा गिटार नवनवे रंग भरते. आवर्तन १६ विभागांचे, प्रत्येक विभागात तीन मात्रा.

गिटारसाठी पहिले आठ विभाग असे : डी मायनर, ए मेजर, डी मायनर, सी मेजर, एफ मेजर, सी मेजर, डी मायनर, ए मेजर. जुन्या अक्षरांत सांगायचे तर ई, आय, ई, बी, जी, बी, ई, आय. पुढच्या आठात पहिले सहा तसेच. सातव्यात डी मायनर आणि ए मेजर दोन्ही, आठव्यात डी मायनरवर समाप्ती. एकूण कॉर्ड फक्त चार.

पेटीवाल्यासाठी पांढरी दोनला सा मानला की खालची धून अशी : सा, प, सा, कोमल नी, कोमल ग, कोमल नी, सा, प. दुसऱ्या अर्ध्यात शेवट सा-प आणि सा. ए मेजरच्या जागी गिटारमधून शुद्ध नीही ऐकू येतो. काफीतले दोन्ही निषाद ऐकलेल्या कानाला ते परके वाटणार नाही. खंजिरी किंवा डफ धरणाऱ्याने एक काळजी घ्यावी. इथे वजन अनेकदा पहिल्या नव्हे, दुसऱ्या मात्रेवर येते. सवयीने समेवर जोर दिला तर नाचाची लय हरवते.

त्यानंतरची वाट

फोलिया जमली की पुढचे टप्पे आपोआप उघडतात.

गाण्याची साथ : कॅप्सबर्गर याने १६१० मध्ये छापलेल्या व्हिलानेल्ला, म्हणजे हलकीफुलकी इटालियन गाणी. त्यात गिटारसाठी आल्फाबेतोची अक्षरे छापलेलीच आहेत. एक गळा आणि एक गिटार पुरते.

व्हायोलिनसोबत : कोरेल्लीने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाचव्या संग्रहातली बारावी रचना आणि विवाल्दीच्या १७०५ च्या पहिल्या संग्रहातली बारावी. दोन्ही फोलियावरच, दोन्ही डी मायनरमध्ये. कोरेल्लीला एक व्हायोलिन लागते, विवाल्दीला दोन. गिटारवाला तेच चार कॉर्ड धरून पहिल्या काही आवर्तनांपर्यंत निभावू शकतो.

नाचाच्या चाली : सान्झचे ‘कानारिओस’. सहा मात्रा कधी तीन-तीन, कधी दोन-दोन-दोन अशा मोजायच्या. ही चाल अनेकांच्या कानावर आहे, कारण होआकिन रोद्रिगो याने १९५४ च्या आपल्या गिटार-ऑर्केस्ट्रा रचनेत सान्झच्या चाली घेतल्या.

एकट्यासाठी : रोबेर द व्हिझे याचे १६८२ आणि १६८६ चे संग्रह. इथे यावे, पण शेवटी.

दोन नावे या यादीत चुकून घुसतात. विवाल्दीचा डी मेजरमधला प्रसिद्ध कॉन्चेर्तो मुळात ल्यूट या वाद्यासाठी आहे. बोक्केरिनीची गिटार पंचके १८ व्या शतकाच्या अखेरची, म्हणजे बरोक काळानंतरची आहेत. वाजवायला हरकत नाही, पण सुरुवात तिथून नको.

या साऱ्या जुन्या छापील प्रती स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर आहेत आणि त्यातल्या बहुतेक आयएमएसएलपी या मोफत संकेतस्थळावर मिळतात. नव्या संपादित आवृत्त्यांचे हक्क मात्र वेगळे असू शकतात.

वाद्य नसेल तर?

पहिली काही महिने वेगळे वाद्य घेऊ नये. नायलॉन तारांची साधी क्लासिकल गिटार पुरते. सहावी तार काढून ठेवावी. फक्त साथ करायची असेल तर एवढेच पुरे. पोलादी तारांची गिटार असेल तर तारा न बदलता सहावी तार वाजवू नये.

घंटांचा आवाज हवा असेल तर तारांचा एक जादा संच घ्यावा. पाचव्या तारेच्या जागी जादा संचातली दुसरी तार लावून ती बी वरून ए वर उतरवावी. चौथीच्या जागी जादा संचातली पहिली तार लावून ती ई वरून डी वर उतरवावी. तारेवरचा ताण स्वराच्या वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे या दोन्ही तारांवर नेहमीपेक्षा सुमारे २० टक्के कमी ताण येतो आणि गिटारला धोका राहत नाही. उलट मूळची जाड पाचवी तारच पिळून एक सप्तक वर नेली तर ताण चौपट होईल, म्हणजे तार तुटणारच. जाड तारेसाठीच्या खाचेत बारीक तार थोडी हलेल, तेवढे चालवून घ्यावे.

अनेक बरोक वादक ए हा स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झवर लावतात, म्हणजे सुमारे अर्धा स्वर खाली. सोबत पेटी किंवा कीबोर्ड असेल तर हा हट्ट सोडावा आणि त्यांच्या स्वराला गिटार मिळवावी. नखांऐवजी बोटांच्या मांसल टोकाने छेडले की आवाज मऊ येतो.

मंडळी कुठून आणायची?

भिवंडी तालुक्याच्या गावागावांत भजनी मंडळे आहेत, म्हणजे पेटी आहे. पेटी हा हवेवर चालणारा छोटा ऑर्गनच, आणि बरोक मैफलीत खालची धून धरायला छोटा ऑर्गन चालतच असे. शहरात कव्वालीची परंपरा आहे, म्हणजे गळे आहेत आणि पुन्हा पेटी आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आहे आणि त्यातल्या बहुतेकांत हार्पसिकॉर्डचा आवाज असतोच. राहिला व्हायोलिन शिकणारा एखादा विद्यार्थी. तो कल्याण, ठाणे किंवा वसईहून आला तरी चालेल.

‘हे खरे बरोक नव्हे’ असा आक्षेप येईल आणि तो खराच आहे. तातीच्या तारा, जुने पडदे, थिओर्बो यांचा आवाज वेगळाच. पण त्या काळातल्या वादकांनीही जवळ असेल ते वाद्य घेऊन साथ भरली. खालच्या धूनसाठी चेलो की ऑर्गन, हे अनेकदा कोण उपलब्ध आहे यावरच ठरे. जुन्या वाद्याची शिस्त नंतर शिकता येते. एकत्र वाजवण्याची सवय मात्र नंतर लागत नाही.

‘आपले सोडून हे कशाला’ हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर पेटीच देते. परदेशातून आलेल्या या वाद्यावर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली, ती तीन दशके टिकली. तरी एकाही मंडळाचे भजन थांबले नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या पिढ्यांतूनच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक आणि संयोजक मिळाले. बाहेरून आलेले सूर इथे रुजतात, याचा पुरावा रोज रेडिओवर वाजतो.

खरी अडचण वेगळी आहे

ती आहे जागेची. ही गिटार हळू आवाजाची आहे. भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही अनेक वस्त्यांतून थांबत नाही. एका खोलीच्या घरात चार जणांनी बसून वाजवणे शक्य नाही आणि वाजवले तरी एकमेकांचे ऐकू येणार नाही. साथीचे संगीत शिकायला एकमेकांचे ऐकू येणे हीच पहिली अट आहे. मोबाइलवर शिकणारा एकटा पडतो तो केवळ आवडीने नव्हे. चौघांना बसायला जागाच नसते, म्हणूनही.

यावर उपाय महाग नाही. भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या शाळांचे वर्ग रविवारी रिकामे असतात. मागांपासून दूर असलेल्या एखाद्या शाळेतला एक वर्ग, आठवड्यातून दोन तास, नोंदणी करणाऱ्या कोणत्याही संगीत गटाला द्यावा. भजनाचा असो, कव्वालीचा असो वा फोलियाचा. नव्या सभागृहाचा खर्च नाही, वाद्यांच्या खरेदीची निविदा नाही. लागतो तो एक पंखा, चार बाक आणि किल्ली सांभाळणारा माणूस. वर्ग मिळेपर्यंत एखाद्या मंडळाच्या समाजमंदिरात, मंडळाचा सराव नसलेल्या दिवशी बसता येईल.

सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच आधी वाद्यांच्या किमती पाहू नयेत. आधी एक पेटीवाला आणि एक गाणारा शोधावा, सहावी तार काढावी आणि चार कॉर्डची ती साखळी सोळा विभागांत एकदा न थांबता फिरवून पाहावी. पहिल्या दिवशी ती बहुधा पंधराव्या विभागात तुटेल. तिथेच दोन कॉर्ड एका विभागात येतात.